वृत्तपत्रांचे रक्तसाक्षी संत तितुस ब्रान्ड्स्मा



या स्मरणिकेसाठीं एखाद्या संताचें चरित्र लिहून द्यावें, असें ज्युबिली समितीनें आम्हांस सांगितलें, तेव्हां आपल्या देवळांत ज्यांच्या मूर्ति आहेत त्यांपैकींच कोणाचें तरी नांव प्रथम आमच्या मनांत यावें हें साहजिक होतें. परंतु त्यांचीं चरित्रें आपण लहानपणापासून प्रवचनांतून ऐकत आलों आहों. म्हणून ज्यांची मूर्ति आपल्या इकडे फारशी कोठें दिसत नाहीं, अशा एका अलीकडच्या संताची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. वर्तमानपत्रांत अमुक एका पक्षाच्या जाहिराती छापूं नका, एवढें संपादकांस सांगितल्यामुळें ज्यांस प्राण द्यावा लागला ते हे संत होत. जाहिरातीपायीं मरण, हें ऐकून कोणास नवल वाटेल. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरहि जाहिराती आहेत. त्या देणाऱ्या सज्जनांचे आम्ही ऋणी आहों, आणि त्या मिळवितांना समितीच्या मंडळींस चपला झिजविण्यापलीकडे कांहीं सोसावें लागलें नाहीं. हॉलंड देशांत १९४२ सालीं मात्र काळ निराळा होता.

तितुस ब्रान्ड्स्मा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८८१ रोजीं हॉलंडच्या उत्तरेस फ्रीसलंड प्रांतांत, बोल्सवार्ड या लहान शहराजवळच्या एका शेतवाडीवर झाला. बाप्तिस्म्याचें नांव आन्नो स्यूर्ड. घरीं गाईगुरें व दुधाचा धंदा. तो प्रांत मुख्यत्वें प्रोटेस्टंट असल्यामुळें काथोलिक घरें थोडीं, आणि जीं होतीं तीं आपल्या श्रद्धेला घट्ट धरून राहिलेलीं. या एकाच घरांतील सहा मुलांपैकीं पांच जणांनीं व्रतस्थ जीवन पत्करिलें, यावरून त्या आईबापांची भक्ति केवढी असेल याची कल्पना येईल. मुलगा अंगानें अगदीं किरकोळ होता, पोटाच्या दुखण्यानें नेहमीं बेजार असे, परंतु बुद्धीनें तल्लख. अकराव्या वर्षीं तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या शाळेंत गेला, व १८९८ सालीं बॉक्समेर येथील कार्मेल मठांत नवशिष्य म्हणून दाखल झाला. तेथें त्यानें आपल्या वडिलांचें नांव घेतलें, तें तितुस. ज्या कार्मेल मातेचें स्कापुलार आपल्यापैकीं पुष्कळांच्या गळ्यांत आहे, तिच्याच संघाची ही प्राचीन शाखा होय. १७ जून १९०५ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें रोम येथें अध्ययन करून १९०९ सालीं त्यांनीं तत्त्वज्ञानाची डॉक्टरची पदवी संपादन केली.

स्वदेशीं परत आल्यावर ऑस गांवीं ते आपल्या संघाच्या तरुणांना तत्त्वज्ञान शिकवूं लागले. पण केवळ वर्गांत बसून समाधान मानणारा हा स्वभाव नव्हता. १९१२ सालीं त्यांनीं कार्मेल मातेच्या भक्तांसाठीं एक मासिक काढिलें, आणि १९१९ सालीं ऑसच्या स्थानिक वृत्तपत्राचे ते संपादक झाले. कागद, शाई, छपाईची घाई, वेळेवर न येणारे लेखक, पैसे न भरणारे वर्गणीदार, हा सगळा व्याप त्यांनीं जवळून पाहिला. संपादकांना उपदेश करण्याचा अधिकार त्यांस येथूनच प्राप्त झाला, असें आम्हांस वाटतें. याच सुमारास आविलाच्या संत तेरेजाचे ग्रंथ डच भाषेंत आणण्याचें कामहि त्यांनीं हातीं घेतलें. आपल्या फ्रिसियन मातृभाषेवर त्यांचें फार प्रेम होतें. रोमचा डॉक्टर झाल्यावरहि त्यांस आपल्या गांवच्या बोलीची लाज वाटली नाहीं.

१९२३ सालीं नायमेगन शहरांत काथोलिक विश्वविद्यालय स्थापन झालें. तेथें तत्त्वज्ञान व गूढभक्तीचा इतिहास या विषयांचे अध्यापक म्हणून फादर तितुस यांची नेमणूक झाली, आणि १९३२-३३ या वर्षीं ते त्या विश्वविद्यालयाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडील कुलगुरु, झाले. त्यांच्या मठाच्या दारावर थाप मारणारा विद्यार्थी असो कीं भीक मागणारा दरिद्री असो, त्यांस ते भेटत, बसवीत, त्याचें म्हणणें ऐकून घेत. आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक विद्वानांपाशीं इतरांसाठीं वेळ नसतो. या विद्वानापाशीं मात्र वेळच वेळ होता, आणि स्वतःचा अभ्यास ते रात्रीं उशिरापर्यंत जागून करीत. कोणासहि नाहीं म्हणणें त्यांस जड जाई. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हॉलंडांतील काथोलिकांना पुष्कळ काळ उघडपणें उपासना करण्याची मोकळीक नव्हती. १८५३ सालीं तेथें बिशपांची व्यवस्था पुन्हां सुरू झाली, आणि त्यानंतर त्या समाजानें आपल्या शाळा, आपले कामगार संघ व आपलीं वृत्तपत्रें मोठ्या जिद्दीनें उभारिलीं. घरोघर सकाळीं काथोलिक दैनिक येई व आईबाप तें निर्धास्तपणें मुलांच्या हातीं देत. १९३५ सालीं काथोलिक पत्रकारांच्या संघाचे आध्यात्मिक सल्लागार म्हणून फादर तितुस यांची नेमणूक झाली. असा सल्लागार वर्षांतून एकदां मिस्सा अर्पण करितो, जेवणाच्या वेळीं आशीर्वाद देतो, आणि त्याचें काम तेथें संपतें, अशी आपली समजूत असते. फादर तितुस यांनीं पत्रकारांच्या वेतनाचा प्रश्न हातीं घेतला, त्यांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून खटपट केली, मालक व संपादक यांचे तंटे मिटविले. ज्याच्या घरीं चूल पेटण्याची पंचाईत, त्याला सत्याला धरून राहा असें सांगण्यापूर्वीं त्याच्या चुलीची काळजी वाहिली पाहिजे, हें त्यांस कळत होतें.

याच वर्षांत शेजारच्या जर्मनींत हिटलरचें राज्य बळावत होतें. यहुदी लोकांवर तेथें जे अन्याय होत होते त्यांविरुद्ध फादर तितुस यांनीं १९३५ च्या सुमारासच लेखणी उचलली होती, आणि विश्वविद्यालयांत ते नाझी मताचें खंडन करीत. हॉलंडांतहि मुसेर्ट नांवाच्या गृहस्थानें १९३१ सालीं त्याच धर्तीचा एक पक्ष काढिला होता. डच बिशपांनीं काथोलिकांना या पक्षापासून दूर राहण्याची ताकीद युद्धापूर्वींच दिली होती.

१० मे १९४० रोजीं जर्मन सैन्य हॉलंडांत शिरलें व पांच दिवसांत देश पडला. प्रथम कांहीं महिने परकी अधिकारी सौम्यपणें वागले. मग हळूहळू फास आवळला गेला. वृत्तपत्रांना सरकारी मजकूर छापण्याची सक्ति झाली. अमुक बातमी द्यावी, तमुक देऊं नये, असे हुकूम कार्यालयांत येऊन पडूं लागले. १९४१ सालीं यहुदी मुलांना शाळांतून काढण्याचा हुकूम निघाला. काथोलिक माध्यमिक शाळांच्या मंडळाचे अध्यक्ष या नात्यानें फादर तितुस यांनीं त्यास विरोध केला, व बिशपांचेंहि मत तेंच पडलें. तेव्हांपासून अधिकाऱ्यांची त्यांजवर नजर होती.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत निर्वाणीचा प्रसंग आला. मुसेर्टच्या पक्षाच्या जाहिराती कोणत्याहि वृत्तपत्रानें नाकारूं नयेत, असा हुकूम सुटला. वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक दिसते. जाहिरात म्हणजे संपादकाचें मत नव्हे; कोपऱ्यांत चार ओळी छापल्या म्हणून काय बिघडलें, असें व्यवहारी माणूस म्हणेल. आणि पुष्कळ संपादकांच्या मनांत तसें आलेंहि असेल, कारण न छापावें तर दंड, नोकरी जाणें, छापखान्यास कुलूप, आणि त्याहून वाईट तें. पण फादर तितुस यांस त्यांतील मेख दिसली. सरकारी मजकूर सक्तीचा आहे हें वाचक ओळखतो. जाहिरात मात्र वृत्तपत्र राजीखुशीनें घेतें, अशी सर्वत्र समजूत. ज्या पक्षाला बिशपांनीं ख्रिस्ती माणसास निषिद्ध ठरविलें, त्याचें आमंत्रण काथोलिक दैनिकाच्या नांवाखालीं काथोलिक घरांत जाऊं लागलें म्हणजे वाचकांनीं काय समजावें? त्या पत्रानें आपल्या वाचकांशीं खोटें बोलण्यास आरंभ केला, असेंच म्हणावें लागेल, मग त्यांतला अग्रलेख कितीहि धार्मिक असो.

मुद्रणस्वातंत्र्याविषयीं आपण बोलतों तेव्हां मनांत येईल तें छापण्याची मोकळीक एवढाच अर्थ आपल्या डोळ्यांपुढें असतो. त्या संपादकांपुढें प्रश्न होता तो न छापण्याच्या मोकळिकीचा. ती गेली म्हणजे उरलेलें सर्व स्वातंत्र्य केवळ कागदावर राहतें, हें हॉलंडांतील त्या एका महिन्याच्या इतिहासावरून आम्हांस जितकें स्पष्ट कळलें, तितकें कोणत्याहि पुस्तकावरून कळलें नव्हतें.

उट्रेख्तचे आर्चबिशप दे योंग यांच्याशीं विचारविनिमय करून फादर तितुस यांनीं ३१ डिसेंबर १९४१ रोजीं संपादकांस उद्देशून एक पत्र तयार केलें. त्याचा आशय असा कीं, येथें मर्यादा संपली. काथोलिक वृत्तपत्रांनीं या जाहिराती स्वीकारूं नयेत, मग परिणाम कांहींहि होवो. टपालानें पत्र पाठविणें धोक्याचें होतें. शिवाय संपादकाला असें पत्र वाचून एकटें बसूं द्यावें, हें फादर तितुस यांच्या मनाला पटलें नाहीं. म्हणून नववर्षाच्या प्रारंभींच, ऐन थंडींत, साठी उलटलेला हा आजारी धर्मगुरु आगगाडीनें गांवोगांव फिरूं लागला. प्रत्येक संपादकाच्या समोर बसून त्यांनीं बिशपांचें म्हणणें सांगितलें, धोका किती आहे तें लपविलें नाहीं, आणि त्याच्या शंका ऐकून घेतल्या. हें काम जिवावर बेतणारें आहे याची त्यांस स्वतःस पुरी जाणीव होती. चौदा संपादकांच्या भेटी झाल्या. १९ जानेवारी १९४२, सोमवार, या दिवशीं नायमेगनच्या मठांत पोलीस आले व त्यांस धरून घेऊन गेले.

येथें आम्ही थोडें थांबून स्वतःची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हींच एका रविवारीं वेदीवरून एक बातमी खरी समजून सांगितली. कोणी विश्वासू माणसानें ती आणिली होती, आणि ती ऐकून लोक हळहळले. ती साफ खोटी निघाली. पुढच्या रविवारीं त्याच ठिकाणीं उभें राहून आम्हांस सर्वांची क्षमा मागावी लागली, व ती मागतांना पाय कांपत होते. चौकशी करण्यास एक दिवस पुरला असता. ज्यांच्या तोंडच्या शब्दावर लोक विश्वास ठेवितात त्यांनीं तो दिवस कां खर्चिला नाहीं, याचें उत्तर आम्हांस अजून देतां आलेलें नाहीं. फादर तितुस यांच्या चरित्राकडे आमचें मन ओढलें तें त्यानंतर.

अटकेनंतर त्यांस शेव्हेनिंगनच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. तेथें हार्डेगन नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यांची जबानी घेतली. सत्य छापा असें दुसऱ्यांस सांगणाऱ्याची खरी परीक्षा येथें झाली. पत्राची जबाबदारी बिशपांवर ढकलावी, आपण केवळ निरोप्या होतों असें म्हणावें, मला नीट आठवत नाहीं असें उत्तर द्यावें, अशा पळवाटा होत्या. फादर तितुस यांनीं त्यांतील एकहि धरली नाहीं. आपण काय केलें, कां केलें, आणि बिशपांच्या मतांशीं आपण पूर्ण सहमत आहों, हें त्यांनीं सरळ सांगितलें. डच लोक, विशेषतः काथोलिक, मुसेर्टच्या पक्षाला कां विरोध करितात, तें लिहून द्या, असें त्यांस फर्माविलें गेलें. तेंहि त्यांनीं कारणें देऊन, भीड न धरितां, लिहून दिलें, आणि शेवटीं हॉलंड व जर्मनी या दोन्ही राष्ट्रांवर देवाचा आशीर्वाद मागितला. शत्रूच्या कचेरींत बसून शत्रूच्या देशासाठीं केलेली ही प्रार्थना आम्हीं प्रथम वाचली तेव्हां पुस्तक खालीं ठेविलें. हार्डेगन यानें त्यांच्या करारी स्वभावाची नोंद केली, आणि असा माणूस मोकळा राहणें धोक्याचें आहे असाहि निर्वाळा दिला.

तुरुंगाची ५७७ क्रमांकाची ती खोली त्यांनीं मठाच्या खोलीसारखी मानली. दिवसाचे तास आंखून घेतले. प्रार्थना, ध्यान, लेखन, थोडें चालणें. कागद मिळेना, तेव्हां जवळच्या एका पुस्तकाच्या छापील ओळींच्या मधल्या जागेंत ते संत तेरेजाचें चरित्र लिहीत बसत. येशूच्या चित्रासमोर बसून फेब्रुवारींत त्यांनीं एक लहानसें काव्य रचिलें, तें पुढें अनेक भाषांत गेलें.

१२ मार्च रोजीं त्यांस आमर्सफूर्टच्या छावणींत हलविण्यांत आलें. तेथें उपासमार व अतिसार यांनीं माणसें रोज मरत होतीं. धार्मिक उपदेश करण्यास बंदी. तरी ३ एप्रिल, पवित्र शुक्रवार, या दिवशीं हॉलंडच्या मध्ययुगीन भक्तिमार्गावर व्याख्यान देण्याच्या निमित्तानें ते एका खोक्यावर उभे राहिले आणि त्यांनीं कैद्यांना प्रभूच्या दुःखसहनाविषयीं सांगितलें. ऐकणाऱ्यांत काथोलिक होते, प्रोटेस्टंट होते, देव न मानणारेहि होते. ज्यांच्या व्याख्यानाला विश्वविद्यालयांत बाके होते, त्यांच्या या व्याख्यानाला चिखल होता. तेथून पुन्हां शेव्हेनिंगन, मग जर्मनींतील क्लेव्हचा तुरुंग, आणि शेवटीं १९ जून १९४२ रोजीं डाखाऊ.

डाखाऊच्या छावणींत नाझी राजवटीनें २,७०० हून अधिक धर्मगुरु व धर्मसेवक कोंडिले होते. त्यांपैकीं सुमारें हजार तेथेंच मेले. फादर तितुस यांस ३०४९२ हा क्रमांक मिळाला. जर्मन धर्मगुरूंना तेथें एका खोलींत मिस्सा करण्याची सवलत होती, परंतु डच व पोलिश धर्मगुरूंना तिकडे फिरकण्याची बंदी. म्हणून जर्मन बांधव पवित्र होस्ती चोरून त्यांजकडे पोंचवीत. एके दिवशीं फादर तितुस यांनीं ती आपल्या चष्म्याच्या घरांत लपविली असतां पहारेकऱ्यानें त्यांस निर्दयपणें मारलें. मार खात असतां त्यांनीं काखेंतलें घर सोडिलें नाहीं. त्याच छावणींत त्यांच्याच संघाचा एक ब्रदर होता. तो पुढें जिवंत सुटला, आणि त्याच्या आठवणींवरून या पांच आठवड्यांतील पुष्कळ गोष्टी जगाला कळल्या. पहारेकऱ्यांसाठींहि प्रार्थना करा, असें ते सोबत्यांना सांगत. सर्वांनाच तें पटे असें नाहीं.

जुलैच्या मध्यास त्यांचें शरीर पार खचलें, तेव्हां त्यांस छावणीच्या रुग्णालयांत नेलें. तेथें जाणारा क्वचितच परत येई. तेथील एक परिचारिका काथोलिक घरांत वाढलेली, पण धर्म टाकून धर्मगुरूंचा द्वेष करणारी होती. फादर तितुस यांनीं तिची विचारपूस केली आणि एका कैद्यानें त्यांस करून दिलेली जपमाळ तिच्या हातीं दिली. मला प्रार्थना येत नाहीं, असें तिनें सांगितलें. तेव्हां आम्हां पाप्यांसाठीं विनंती कर एवढा नमो मरियेचा शेवटचा भाग तरी म्हणत जा, असें त्यांनीं तिला सुचविलें. रविवार २६ जुलै १९४२ रोजीं दुपारीं, डॉक्टरच्या हुकमावरून, तिनेंच त्यांस विषाची सुई टोंचली. त्यांचें वय ६१ होतें. छावणीच्या भट्टींत देहाची राख झाली. त्यांची निराळी कबर नाहीं.

त्याच रविवारीं हॉलंडांतील काथोलिक देवळांतून बिशपांचें एक पत्र वाचलें जात होतें. यहुदी लोकांना देशाबाहेर नेण्याचा जो क्रम चालला होता त्याचा त्यांत उघड निषेध होता, आणि तें वाचूं नये असा अधिकाऱ्यांचा दबाव होता. वृत्तपत्रांचें तोंड बंद, म्हणून जें तेथें छापतां येत नव्हतें तें व्यासपीठावरून बोललें गेलें. त्याचा सूड म्हणून २ ऑगस्ट रोजीं यहुदी वंशांतून आलेल्या काथोलिकांना पकडण्यांत आलें. त्यांत एख्त येथील मठांतली कार्मेल व्रतस्थ एडिथ स्टाईन होती. ९ ऑगस्ट रोजीं औश्वित्झ येथें तिचा अंत झाला. खरें बोलण्याची किंमत नेहमीं बोलणाराच चुकवितो असें नाहीं, आणि या पत्रावर सही करणाऱ्या बिशपांच्या मनाला त्यानंतर काय वाटलें असेल याचा विचार आम्ही पुष्कळदां करितों.

युद्धानंतर त्या परिचारिकेनें स्वतः ख्रिस्तसभेपुढें येऊन साक्ष दिली. तिचें नांव गुप्त ठेवून तिला साक्षीच्या कागदांत एक टोपण नांव देण्यांत आलें. ती पुन्हां श्रद्धेकडे वळली होती. त्या सुईविषयीं आपण जें जाणतों तें तिच्याच तोंडून.

३ नोव्हेंबर १९८५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं फादर तितुस यांस धन्य जाहीर केलें. पुढें अमेरिकेंतील एक कार्मेल धर्मगुरु जिवघेण्या कर्करोगांतून त्यांच्या मध्यस्थीनें बरा झाल्याचें मान्य होऊन, १५ मे २०२२ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोम येथें त्यांस संतपद दिलें. त्या दिवशीं एकंदर दहा जणांस तो मान मिळाला, आणि त्यांत आपल्या कन्याकुमारीकडील प्रपंची रक्तसाक्षी देवसहायम् होते, हें आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. आपल्याकडे त्या सोहळ्याचा आनंद झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळें. संत तितुस यांचें नांव त्या गर्दींत मागें पडलें.

तो सोहळा होण्यापूर्वीं कांहीं दिवस अनेक पत्रकारांनीं पोप महाराजांस एक खुलें पत्र लिहिलें. १९२३ सालीं पोप अकरावे पायस यांनीं संत फ्रान्सिस द सालेस यांस पत्रकारांचे आश्रयदाते संत नेमिलें होतें. दारांच्या फटींतून धर्मपत्रकें आंत सरकविणाऱ्या त्या थोर बिशपांविषयीं पूर्ण आदर राखून, सांप्रतच्या अर्थानें स्वतः पत्रकार असलेले संत तितुस यांसहि आमचे आश्रयदाते म्हणून नेमावें, अशी त्यांची विनंती होती. तिच्यावर सह्या करणारे रोज बातम्या लिहिणारे लोक होते, आणि त्यांस अशा संताची गरज भासली, हें आम्हांस त्या विनंतीपेक्षांहि महत्त्वाचें वाटतें.

त्यांचा सण २७ जुलै रोजीं येतो. यंदा त्या दिवशींची सकाळची मिस्सा आपल्या देवळांत पत्रकारांसाठीं व छापखान्यांत काम करणाऱ्यांसाठीं अर्पण होईल. आपल्या धर्मग्रामांतील जे कोणी या धंद्यांत आहेत, त्यांनीं आदल्या दिवशीं आपलीं नांवें सॅक्रिस्टींत द्यावीं.